गरम झाल्यावर सुटणारा सांधा

"दोष कुठे आहे ते शोधायचंच नाही," तिचा नवरा म्हणाला, "कुठे नाही ते शोधत जायचं. उरेल तिथे तो असतो." आणि तिच्या हातातला कप बशीवर वाजला. इतका हळू, की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनाही ते ऐकू गेलं नाही. वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या त्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांचं मंडळ जमत असे. मधोमध जोडलेल्या चार टेबलांवर रूळ, रुळांवर वीतभर लांबीची इंजिनं, त्यांच्यामागे साबणाच्या वडीएवढे डबे, आणि भोवती साठी ओलांडलेले पंधरा-वीस पुरुष कमरेत वाकून, लहान मुलांसारखे डोळे करून उभे. बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. त्यांना कुणी तिथे बसा म्हणून सांगितलं नव्हतं. थर्मास आणि बिस्किटं तिकडे होती म्हणून त्याही तिकडे, एवढंच. तिचा नवरा टेबलाच्या टोकाशी उभा होता. मंडळात त्याला सगळे 'उस्ताद' म्हणत. बंद पडलेलं कुणाचंही इंजिन त्याच्याकडे यायचं आणि पुढच्या खेपेला धावत परत जायचं. या गोष्टीची तिला पंधरा वर्षांत सवय झाली होती, जशी एखाद्या दुखऱ्या गुडघ्याची होते. जिना चढताना तो दुखणार हे पायालाच माहीत असतं. पण हे वाक्य? 'उरेल तिथे'च्या आधी तो क्षणभर थांबला होता आणि त्याने उजवं मनगट हलकेच फिरवलं होतं. ती थांबायची जागा तिची होती. ते मनगटही तिचंच. इंजिनं घेऊन जा हवी तर, तिच्या मनात आलं, पण हे कधी उचललंत तुम्ही माझ्या तोंडातून?

खरं तर वाक्य तिचंही नव्हतं. ते मोठ्या बाईंचं. लग्नाआधी आणि लग्नानंतर थोडी वर्षं ती छोट्या मोटारींच्या कारखान्यात होती. केसापेक्षा बारीक तांब्याची तार लोखंडी गाभ्यावर गुंडाळायची, टोकं जोडायची, मीटर लावून बघायचं आणि पुढे सरकवायचं. एका लांब बाकावर चाळीस मुली, वर पांढरे दिवे, खिडकी नाही. मोठ्या बाई त्या विभागाच्या मुख्य. जाडजूड, पायाने किंचित अधू, आणि बोलणं असं की पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं; पण तिच्यावर त्यांचा जीव होता. तिची बोटं बघून त्यांनीच तिचं नाव 'चिमटी' पाडलं. "चिमटे, घाई करू नकोस. तारेला घाई कळते," त्या म्हणायच्या. मीटरचे आकडे जुळले नाहीत की इतर मुली मोटार सरळ बाजूच्या टोपलीत टाकायच्या. हिला मात्र मोठ्या बाई टोपलीतल्या मोटारी आणून द्यायच्या आणि शेजारी स्टूल ओढून बसायच्या. दोष कुठे नाही ते शोध. इथे नाही, हे ठरलं? मग पुढे सर. आणि मग जरा थांबून, मनगट फिरवून, उरेल तिथे. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि महिन्याच्या शेवटी तिच्या विभागाची टोपली रिकामी असायची. मुलगी झाल्यावर नवरा म्हणाला होता, एक वर्ष सोड, मग बघू. त्यात वाईट काही नव्हतं. तो चांगलंच बोलला होता, मुलगी मांडीवर घेऊन बोलला होता. त्या एका वर्षाला आता सव्वीस वर्षं होत आली होती आणि मग बघू म्हणून कुणी काही बघितलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही.

"उस्ताद, जरा माझ्या लेकराकडे बघता का?" दातांचे डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले. उंच, वाकलेले, आवाज नेहमी रुग्णाला भूल देण्याआधीसारखा मऊ. मंडळात बाकीच्यांकडे दहा-दहा इंजिनं होती, डॉक्टरांकडे एकच, हिरवं. ते त्यांना थोरल्या बहिणीने दिलं होतं. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. "दहा मिनिटं छान पळतं, मग अडखळतं, आणि थांबतं. जरा वेळ ठेवलं की पुन्हा पळतं. माझ्यासारखंच झालंय."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रदर्शन आहे, उस्ताद. पत्रिकेत छापलंय, पहिली फेरी डॉक्टरांच्या इंजिनाची म्हणून."

"होऊन जाईल," तिचा नवरा म्हणाला. त्याने इंजिन हातात घेतलं, कानाशी नेलं, डोळे बारीक केले. मग ते डब्यात घातलं आणि चहा घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून डबा तिच्याकडे दिला. तिने तो मांडीवर ठेवला. दहा मिनिटांनी, म्हणजे गरम झाल्यावर. म्हणजे चाकं नाहीत, रूळ नाहीत. हे तिच्या मनात आपोआप सुरूही झालं होतं, आणि ते सुरू झालं याचाच तिला त्या दिवशी राग आला.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तिला बसमध्ये आठवत राहिलं. नवरा तेव्हा विमा कार्यालयात होता, रक्तदाब वाढला होता, आणि घराजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं काहीतरी छंद लावून घ्या. त्याने कुठूनसा एक जुना संच आणला. रूळ मांडले, इंजिन ठेवलं, खटका फिरवला. इंजिन ढिम्म. दोन दिवस तो त्याच्याशी झटला, तिसऱ्या दिवशी त्याने ते कपाटावर टाकलं आणि घरात सगळ्यांशी बोलणं बंद केलं. तो ऑफिसला गेल्यावर दुपारी तिने ते उतरवलं. मुलीच्या कंपासपेटीतला छोटा स्क्रू ड्रायव्हर होता. वरचं कवच निघालं आणि आत ती दिसली, बोटाच्या पेराएवढी मोटार. तांब्याचा तोच लालसर रंग, तोच वास. बाकी काही नव्हतं, वीज घेणारे कार्बनचे दोन ठोकळे झिजले होते आणि एका चाकाला टेकणारी पितळी पट्टी वाकली होती. संध्याकाळी इंजिन पळालं. नवरा ऑफिसातून आला, त्याने सहज खटका फिरवला आणि गाडी टेबलाला वळसा घालून आली. "बघ," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? विश्रांती मिळाली की आपोआप चालू होतं." ती इतकी हसली होती, की मुलगी आतून बाहेर आली. त्याला तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. तोही हसला होता. पुढच्या वेळी त्याने विचारलं, बघशील का गं जरा? त्यानंतर विचारायचंही बंद झालं. तो इंजिन टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवायचा, ती दुपारी बघायची. आणि मग तो मंडळात जायला लागला. कुणीतरी विचारलं, कोणाकडून करून घेतलंत? ती शेजारीच उभी होती. "घरीच," तो म्हणाला, आणि मग, "मीच." तेव्हा तिला काय वाटलं होतं? खरं सांगायचं तर गंमत वाटली होती. आपल्या दोघांचं एक गुपित आहे असं वाटलं होतं, चारचौघांत दोघांनाच कळेल असं. ती गालातल्या गालात हसली होती. इतकी वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की तिच्या तोंडचा घास कुणीतरी काढून घेतला; पण घास काढून घेताना तिने तोंड उघडं ठेवलं होतं आणि हसूनही दाखवलं होतं, हे ती कुणाला सांगणार?

सोमवारी दुपारी तिने डबा उघडला. मुलीच्या खोलीत आता पलंगाच्या जागी रूळ होते. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला, तिच्या अभ्यासाच्या जुन्या टेबलाला आणखी एक जोडून त्यावर नवऱ्याचं स्टेशन, त्याचे बोगदे, त्याची कागदी झाडं. हिच्या वाट्याला खिडकीखालची फळी होती, तिथे उजेड चांगला. तिने इंजिन रुळावर ठेवलं आणि नुसतं पळू दिलं, हातात घड्याळ घेऊन. नऊ मिनिटं. मग ते अडखळलं, उचकी लागल्यासारखं, आणि थांबलं. बोटाने जरा ढकललं की दोन वीत जायचं आणि पुन्हा थांबायचं. मंगळवारी तिने चाकं पुसली, पट्ट्या पुसल्या. दोष तिथे नसणार हे माहीत असूनही, कारण मोठ्या बाईंनी माहीत असणं आणि ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं शिकवलं होतं. मग चाकांना आणि रुळांना अजिबात न विचारता दोन तारा थेट मोटारीला लावल्या. तरीही नऊ मिनिटांनी तेच. म्हणजे रुळापासून मोटारीपर्यंत कुठेच काही नाही. जे काही आहे ते मोटारीत. बुधवारी तिने मोटार बाहेर काढली. फिरणाऱ्या गाभ्यावर तारेची तीन वेटोळी असतात आणि दांड्यावर तांब्याचे तीन तुकडे. दोन-दोन तुकड्यांना मीटर लावून बघायचं, तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. सारखे आले. चोख, कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखे. ती जरा वेळ बसून राहिली. मग न्हाणीघरातून केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गाभ्यावर गरम हवा सोडली. एक आकडा हलला. हलला आणि एकदम तिप्पट झाला, बाकीचे दोन दीडपट. म्हणजे तीनपैकी एक वेटोळं तुटलं. तिने ड्रायर बंद केला, फुंकर घातली, आकडे परत सारखे. भिंगातून बघितल्यावर ते दिसलंही. तारेचं टोक तांब्याच्या तुकड्याला जिथे जोडलेलं असतं, तिथे सोल्डरमध्ये, म्हणजे जोडायला वापरलेल्या कथलाच्या थेंबात, एक रेघ, पापणीच्या केसाएवढी. थंड असताना टेकलेला, गरम झाल्यावर सुटणारा सांधा. कारखान्यात असे चार-पाचच सापडले होते तिला, सगळ्या वर्षांत मिळून. तिने खुर्चीवर मागे टेकून दोन्ही हात डोक्यावर ठेवले. घरात कुणी नव्हतं. आनंद झाला तर तो कुठे ठेवायचा हे न कळून ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि परत आली.

सोल्डरची सुई तापत ठेवलेली होती. पंधरा मिनिटांचं काम. तिने सुई उचलली, आणि तिला पुढचा रविवार दिसला. दिसला म्हणजे ऐकूच आला. "गरम झाल्यावर सुटणारा सांधा होता," नवरा सांगत होता, "आकडा तिप्पट झाला, तेव्हाच ओळखलं." आणि हे त्याला कोण सांगणार होतं? तीच. मंडळाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तो चहा पिता पिता विचारायचा, काय निघालं होतं? आणि ती सगळं सांगायची, सविस्तर, परीक्षेला जाणाऱ्या मुलाकडून घोकून घ्यावं तसं. कारण जगात दुसरं कुणी तिला ते विचारत नव्हतं. म्हणजे वाक्य त्याने उचललं नव्हतं. तिनेच दिलं होतं, थांबण्याच्या जागेसकट, मनगटासकट. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने प्लग काढला. मोटार जशीच्या तशी आत बसवली, कवच लावलं, आणि इंजिन टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवून दिलं.

"झालं का गं डॉक्टरांचं?" शुक्रवारी जेवताना त्याने विचारलं.

"नाही."

"उद्यापर्यंत होईल ना?"

"सापडत नाही."

तो हसला. "तुला सापडत नाही? मग आता कुणाला सापडणार?"

"तुम्ही बघा की. उस्ताद तुम्ही."

तो खायचा थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग परत तिच्याकडे. "काय झालंय?"

"काही नाही. रविवारी सांगा, नाही सापडला."

"सांगा काय? पत्रिकेत छापलंय! सगळे येणार आहेत, बाहेरचे लोक येणार आहेत."

"मग खरं सांगा. इंजिनं बायको बघते म्हणून सांगा. एकदाच सांगा, मी आत्ता उठून पंधरा मिनिटांत..." ती थांबली. जीभ चावायला उशीर झाला होता.

"म्हणजे सापडलंय," तो सावकाश म्हणाला.

"सापडलंय."

नळ ठिबकत होता. "सौदा करतेस माझ्याशी?" त्याने विचारलं.

"सौदा म्हणा हवं तर."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. राग आला असता तर सोपं गेलं असतं. पण त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "पंधरा वर्षं झाली," तो म्हणाला. "आता तुझं सांगायचं म्हणजे पंधरा वर्षं मी काय होतो ते सांगायचं. ऑफिसात मला कुणी ओळखत नव्हतं गं. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझं आडनाव चुकीचं घेतलं. तिथे मला उस्ताद म्हणतात." आणि मग, आवाज चढवून, "आणि पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा तू तिथेच उभी होतीस. तेव्हा का नाही बोललीस? हसत होतीस तू."

तिने ताटं उचलली.

शनिवारी सकाळी त्याने मुलीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ती बाहेर भाजी निवडत बसली आणि ऐकत राहिली. स्क्रू ड्रायव्हर घसरल्याचा आवाज. पुन्हा घसरल्याचा. त्याला कवचाचे दोन चाप कुठे आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं. ते दोन्ही बाजूंनी एकदम दाबावे लागतात, नाहीतर कवच तडकतं. तिने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. काहीतरी तडकलं. मग टिचकन काहीतरी उडाल्याचा आवाज, आणि नंतर तो जमिनीवर बसून शोधतोय असं वाटलं, गुडघे घासल्यासारखं. उठावं, दार ढकलावं, बाजूला व्हा म्हणावं. तिचे हात शिवशिवत होते, अक्षरशः. पण ती बसून राहिली आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडत राहिली. आत येऊन बघ, असं तो म्हणाला असता तर ती गेली असती. तो म्हणाला नाही. ती आपणहून येईल अशी तो वाट बघत होता का, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही.

रविवारी ते बसने गेले. डबा त्याच्या मांडीवर होता, या वेळी त्याने तो तिच्याकडे दिला नाही. हॉलमध्ये गर्दी होती, लहान मुलं घेऊन लोक आले होते, टेबलांना निळं कापड लावलं होतं. नाही सापडला, तो म्हणेल. लोक म्हणतील, असू दे उस्ताद, होतं कधीकधी. आणि तो एकदा, एकदाच, तिच्याकडे बघेल. यापेक्षा जास्त तिला काही नको होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. ती थर्मास भरायला मागच्या छोट्या खोलीत गेली. परत आली तेव्हा टेबलाच्या टोकाशी घोळका होता आणि घोळका शांत होता. दुसऱ्याच कुणाचंतरी निळं इंजिन पहिल्या फेरीसाठी रुळावर ठेवत होते. नवरा पाठमोरा उभा होता. दातांचे डॉक्टर तिच्याकडेच येत होते, हातात उघडा डबा घेऊन.

"वहिनी," ते म्हणाले, "अजिबात मनाला लावून घेऊ नका."

तिने डब्यात बघितलं. कवचाला चीर गेली होती. एक तार मुळातून उपटून आली होती. कार्बनच्या ठोकळ्याला दाबून धरणारी स्प्रिंग जागेवर नव्हती.

"साफसफाई करताना हातातून पडलं, उस्ताद सांगत होते. अहो, होतं असं. आमच्या घरीही एकदा हिने माझं दवाखान्यातलं एक उपकरण पुसायला घेतलं आणि..." डॉक्टर हसायचा प्रयत्न करत होते. त्यांचा अंगठा कवचावरच्या चिरेवरून पुढेमागे फिरत होता, ते त्यांना माहीतही नसावं. "तुम्ही चांगल्या मनानेच पुसायला घेतलंत ना? मग झालं तर."

मागून अध्यक्षांची बायको म्हणाली, "मी तर यांच्या गाड्यांच्या खोलीत केरसुणीसुद्धा नेत नाही बाई." एक-दोघी हसल्या, प्रेमाने. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळे तिला क्षमा करत होते. तिने हॉलच्या पलीकडे नवऱ्याकडे बघितलं. तो वाकून रुळांकडे बघत होता, इतक्या बारकाईने, जणू त्यात काही वाचण्यासारखं होतं. बोल, तिने स्वतःला सांगितलं. आत्ता बोल. पण काय बोलणार होती? मी पाडलं नाही. मग? मला बुधवारीच दोष सापडला होता, हातात तापलेली सुई होती, आणि मी ती मुद्दाम खाली ठेवली. तुमच्या बहिणीचं इंजिन मी तसंच सोडलं, आणि शनिवारी बाहेर बसून ते मोडल्याचे आवाज ऐकले. तिच्यापाशी असलेलं खरं हे त्याच्या खोट्यापेक्षा वाईट दिसत होतं. डॉक्टर वाट बघत होते, चेहरा मऊ करून.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

घरी आल्यावर तो बूट काढत म्हणाला, "सुचलं ते सांगितलं. तिथे सगळे बघत होते. वेळ मारून नेली, बस." तिने थर्मास धुवायला काढला. "तू काही मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मला काय बरं वाटलं असेल?" ते खरं होतं, त्याला बरं वाटलं नव्हतं. तो रात्री न जेवता झोपला आणि झोपेत दोनदा कण्हला. त्याच्यावर धड राग धरता येत नव्हता आणि तो सोडताही येत नव्हता. हातात गरम भांडं आहे आणि ठेवायला ओटाच नाही, असं ते होतं.

गुरुवारी केर काढताना तिला ती स्प्रिंग सापडली, मुलीच्या कपाटाखाली. नखाएवढी, केसासारख्या तारेची. ती तिने वाटीत ठेवली. दिवसभर वाटीकडे बघितलं आणि संध्याकाळी, नवरा फिरायला गेल्यावर, डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुमची स्प्रिंग सापडलीय."

"अरे वा. बरं झालं."

"तुम्ही इंजिन माझ्याकडे पाठवा. मी करून देते. मोटारीच्या आत एक सांधा सुटलाय, थंड असताना टेकतो आणि गरम झाला की सुटतो. म्हणून ते दहा मिनिटांनी थांबत होतं. मी बघितलंय. तार परत जोडते, सांधा करते, कवचाची चीरही आतून भरता येईल. मी मोटारींच्या कारखान्यात होते, डॉक्टर. मीच करते ही सगळी इंजिनं. पहिल्यापासून."

मग डॉक्टरांचा तो भूल देण्याआधीचा आवाज आला. "वहिनी, तुम्हाला किती वाईट वाटतंय हे मला कळतंय हो. खरंच कळतंय. पण त्यासाठी तुम्ही असं काही..." ते थांबले. "उस्तादांना बरं नाही वाटणार हे ऐकून. मी काही त्यांना बोलणार नाही, काळजी करू नका. इंजिन मी कपाटात ठेवलंय, ताईच्या फोटोशेजारी. ते आता तिथेच बरं. सगळ्याच गोष्टी पळायला हव्यात असं थोडंच आहे?"

"पण ते दुरुस्त होतं, डॉक्टर. सोपं आहे."

"हो, हो," ते म्हणाले. "तुम्ही विश्रांती घ्या."

तिने फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा तिने ते बाहेरच्या माणसाला सांगितलं होतं, एका दमात, एकही शब्द न चुकता. इतक्या वर्षांत आपण बोललो नाही म्हणून कुणाला कळलं नाही, असं ती धरून चालली होती. बोललं की कळेल. आता बोलून झालं होतं.

महिनाभराने मंडळातून नवरा एक डबा घेऊन आला. नवीन सभासदाचं इंजिन, मागे जातं पण पुढे जात नाही. डब्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि झाकणावरच्या कागदावर पेनने लिहिलं होतं, फक्त उस्तादांनी उघडावे. नवरा ओशाळून हसला. "लोकांची आपली काहीतरी गंमत," तो म्हणाला आणि डबा टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवून वर्तमानपत्र घेऊन बसला. तिने डब्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो काही बोलत नव्हता. फक्त येता-जाता डब्याकडे बघायचा आणि घसा साफ करायचा. राहू दे तिथेच, ती स्वतःशी म्हणायची. सडू दे. भांडी घासताना मात्र तिच्या मनात येऊन जायचं, मागे जातं आणि पुढे जात नाही, म्हणजे वीज येतेय, मोटार फिरतेय. मग दातेरी चाकं तपासायला हवीत, नाहीतर एकच ठोकळा एका बाजूने घासत असेल. चौथ्या दिवशी दुपारी नवरा बँकेत गेला. ती खोलीत गेली, खिडकीचा पडदा सारला, खुर्ची ओढून बसली. घरात इतकं शांत होतं की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चिकटपट्टीचं टोक कुठे आहे ते तिने बोटाच्या टोकाने चाचपून शोधलं, नखाने अलगद उचललं, आणि कागद फाटू न देता, अक्षरं न दुखवता, इंच इंच सोडवत नेलं. पूर्ण निघालेली पट्टी तिने फळीच्या कडेला सरळ रेषेत टांगून ठेवली, परत लावताना तिच्यावर एकही सुरकुती दिसायला नको म्हणून. मग तिने डब्याचं झाकण काढलं.